तिसरं तोंड

साहेब म्हणाले, साचा घ्यायचा नाही.
शिडी लावा, ओळंबा सोडा, कंपास धरा, फोटो काढा,
पण दगडाला तेल नको, माती नको, हातसुद्धा नको.
बरोबर होतं त्यांचं.
आमच्या नदीकाठचा वाळूचा दगड तो,
नुसतं बोट फिरवलं तरी पापुद्रा सुटतो.

छताखाली एका ओळीत सतरा कीर्तिमुखं.
डावीकडून नववं माझ्या वाट्याला आलं
कारण त्याच्या कपाळातून फट गेली होती
आणि येत्या पावसात ते खाली येणार होतं.

नागपुरात मी अकरा वर्षं पीओपी केलं.
हॉलच्या छताला गुलाब, पंख्याभोवती वेल,
फाटकावर सिंहांची जोडी, दोन्ही एकाच साच्यातले.
इथे शिडीवर बसून नवव्याकडे बघत राहिलो.
चौथ्या दिवशी दिसलं,
याच्या दोन भुवया एका माणसाच्या नाहीत.

उजवी एका दमात ओढलेली.
डावी अडखळत गेलेली, छिन्नी दोनदा घसरलेली,
आणि घसरलं तिथे
एक जादा कुरळा केस कोरून सांभाळून घेतलेलं.
पोरगं असावं.
बोलणी बसली असतील त्याला,
किंवा उस्ताद जेवायला गेला असेल.

तणस बारीक कापून मातीत मळली.
पहिलं वाळताना हनुवटीला तडकलं.
दुसरं देखणं झालं. साहेब खूश.
मीच मोडलं ते.
गुळगुळीत होतं, सोफ्याच्या वर शोभलं असतं.
तिसऱ्याचे डोळे चार सूत वर गेले.

चार सूत म्हणजे अर्धा इंच.
तेवढ्यात दगडातला सगळा राग निघून गेला
आणि भलतंच कोणी आलं,
दारात उभं राहून
जेवलास का, असं विचारणारं.

फोडून टाका, साहेब म्हणाले,
चुकीचा नमुना गावात फिरायला नको.
उद्या फोडू म्हणून मी ते कुंपणाशी ठेवलं.

दिवस मोहाचे. बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात.
सकाळी पाहतो तर त्याच्या कपाळाला हळद
आणि जिभेवर दोन मोहफुलं, ओली.
भुकेपायी ज्यानं स्वतःचे पाय खाल्ले, पोट खाल्लं,
खाणारं तोंड तेवढं उरलं,
त्याला इतक्या वर्षांत कोणी खायला दिलं असेल का,
माहीत नाही.
मी हातोडी परत आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते कुंपणाशी नव्हतंच.
सुभद्राबाई वाटगुरे म्हणाली,
"तुले त फोडाचंच होतं ना बाप्पा? मंग आमी नेलं.
बोडीच्या पारीवर ठेवलं. तिथं कोनीच नवतं पाहाले."

चौथं केलं.
भुवया होत्या तशा, घसरणीसकट, त्या जादा केसासकट.
घसरलेलं हुबेहूब काढायला
हात किती पक्का लागतो, ते मी बिलात लिहिलेलं नाही.
जवसाचं तेल चोपडून साचा घेतला,
चुना, वाळू आणि बेलाचा गर घालून ओतलं.
चौथं वर बसलं.
खरं नववं सरकीसकटच्या कापसात, खोक्यात,
नंबर घेऊन गेलं.
खालून बघणाऱ्याला काही कळत नाही.
साहेबांनी पाठ थोपटली. पैसे यायचे आहेत.

संध्याकाळी कधीमधी बोडीकडे जातो.
कच्ची माती आहे, मी सांगितलं सुभद्राबाईला,
एका पावसात जाईल.
ती म्हशीला पाण्यातून हाकत होती.
"गेलं त गेलं. तू आहेस ना कराले."

हो म्हणून आलो खरा.
रात्री दिव्याखाली कंपास उघडून बसलोय,
चार सूत मोजलेत,
खूण केली आहे, पुसली आहे.
मोजून काढलेले ते डोळे
नुसते चार सूत वर दिसतात.